जुन्या स्वस्त रहस्यपटांतल्या हौशी डिटेक्टिव्ह स्त्रिया : पाहायला सुरुवात कशी करावी

साधारण 1932 ते 1945 या काळात हॉलिवूडमध्ये तासा-सव्वातासाचे, थोडक्या पैशांत उरकलेले खुनाचे रहस्यपट भराभर निघत होते, आणि त्यांपैकी बऱ्याच चित्रपटांत खुनाचा छडा लावणारी व्यक्ती पोलीस नसे, पुरुषही नसे. ती शाळेतली शिक्षिका असे, वर्तमानपत्राची बातमीदार असे, खासगी परिचारिका असे, नाहीतर हॉटेलच्या टेलिफोन-बोर्डावर बसणारी मुलगी असे. हे चित्रपट आज पुन्हा पाहायला मिळू लागले आहेत, परंतु ते कोणत्या क्रमाने पाहावेत आणि त्यांत नेमके काय पाहावे याची वाट नवख्याला सहसा कोणी दाखवत नाही. पुढील टप्पे त्यासाठी आहेत.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून घ्यावी. नवखा प्रेक्षक खुनी ओळखण्याच्या ईर्ष्येने बसतो आणि दोन-तीन चित्रपटांतच कंटाळतो, कारण 'खुनी कोण' हा या चित्रपटांचा सर्वांत कच्चा भाग आहे. पुरावे पुष्कळदा प्रेक्षकापासून दडवलेले असतात आणि शेवटची पाच मिनिटे घाईत गुंडाळलेली असतात. पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. जिथे तिला कोणी बोलावलेले नाही त्या खोलीत ही बाई शिरते कशी, एकदा शिरल्यावर तिथे टिकते कशी, आणि तिच्या रोजच्या नोकरीतले कोणते कसब तिथे उपयोगी पडते, याकडे लक्ष ठेवले की सामान्य चित्रपटही रंगतदार वाटू लागतो.

पहिला टप्पा : पैशाचे गणित समजून घ्यावे

आर्थिक मंदीच्या वर्षांत अमेरिकेतल्या चित्रपटगृहांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. मुख्य चित्रपटाच्या उत्पन्नात निर्मात्याचा टक्केवारीने वाटा असे. जोडीला दाखवल्या जाणाऱ्या दुसऱ्या चित्रपटाला, म्हणजे 'बी' चित्रपटाला, मात्र ठरावीक भाडे मिळे. (आपल्याकडे 'बी ग्रेड' म्हणताना जे मनात येते त्याच्याशी याचा संबंध नाही; हे घरच्या सगळ्यांनी मिळून पाहायचे चित्रपट होते.) चित्रपट कितीही चालला तरी भाडे तेवढेच, त्यामुळे नफा वाढवायचा तर खर्च कमी करणे हाच मार्ग उरे. म्हणून दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेले दिवाणखाने वापरायचे, चित्रीकरण काही दिवसांत आटपायचे, मारामारी आणि पाठलाग बेताचे ठेवायचे आणि कथा बोलण्यातून पुढे न्यायची, अशी पद्धत पडली.

या पद्धतीत चुरचुरीत बोलणारी नोकरदार स्त्री निर्मात्याला फार सोयीची ठरली. बातमीदार उभी करायला एक टोपी, एक वही आणि एक टेलिफोन पुरतो, आणि खून झालेल्या घरात ती का आली हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या चित्रपटांत त्याच काळी नायिकेने झुरावे, रडावे, त्याग करावा अशी अपेक्षा असताना या जोडचित्रपटांत ती पोलिसांना उलट प्रश्न विचारत हिंडते, यामागे कोणाचे पुरोगामी धोरण होते असे मानण्याचे कारण नाही. काटकसरीतून ते आपसूक घडले असावे असे माझे मत आहे.

स्वस्त चित्रपटांतही दोन थर होते, हे इथेच लक्षात घ्यावे. वॉर्नर ब्रदर्स, आरकेओ यांसारख्या मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे 'बी' विभाग होते. त्यांना मोठ्या स्टुडिओतले सेट, कुशल छायाचित्रकार आणि पगारी नट आयते मिळत. दुसरा थर मोनोग्रॅम, चेस्टरफील्ड, अलाइड, पुढे पीआरसी अशा छोट्या कंपन्यांचा. हॉलिवूडच्या गोवर स्ट्रीटच्या आसपास अशा कंपन्यांची दाटी असल्यामुळे या सगळ्यांना मिळून 'पॉव्हर्टी रो' असे नाव पडले होते. सुरुवात पहिल्या थरापासून करावी. दुसऱ्या थराची गोडी आहे, पण ती मागाहून लागते.

दुसरा टप्पा : पहिला चित्रपट 'द पेंग्विन पूल मर्डर'

आरकेओचा हा 1932 चा चित्रपट. स्टुअर्ट पामर यांच्या कादंबरीवरून घेतलेला, दिग्दर्शन जॉर्ज आर्केनबॉड यांचे. हिल्डगार्ड विदर्स ही न्यूयॉर्कमधली अविवाहित, मध्यमवयीन शिक्षिका एडना मे ऑलिव्हर यांनी साकारली आहे, आणि या भूमिकेसाठीच त्यांचा तो लांबट चेहरा घडवला असावा असे वाटते. विदर्सबाई वर्गातल्या मुलांना घेऊन मत्स्यालय पाहायला येतात. न्यूयॉर्कचे मत्स्यालय तेव्हा शहराच्या दक्षिण टोकाला बॅटरी पार्कमध्ये होते. तिथे एक पाकीटमार पळत सुटतो आणि बाई आपली छत्री पुढे करून त्याला आडवा पाडतात. पुढे त्यांची टोपीची पिन हरवते, ती शोधायला मुले कामाला लागतात, आणि थोड्याच वेळात पेंग्विनांच्या हौदात एका माणसाचे प्रेत दिसते.

हा सुरुवातीचा भाग पुन्हा एकदा लावून पाहावा. इन्स्पेक्टर ऑस्कर पायपर, म्हणजे जेम्स ग्लीसन, येण्यापूर्वीच चित्रपटाने बाईंविषयीचे सगळे सांगून टाकलेले असते. त्यांचा दरारा, नजर, छत्री आणि हजेरी घेण्याची सवय, यांपैकी काहीही पोलिसी शिक्षणातून आलेले नाही. सगळे वर्गातून आलेले आहे. पुढे त्या संशयितांना प्रश्न विचारतात तेव्हा त्यांचा सूर नीट ऐकावा. गृहपाठ का झाला नाही याची कारणे वर्षानुवर्षे ऐकलेल्या माणसाला खोटे बोलणे किती लवकर कळते, हे ऑलिव्हर एका भुवईच्या हालचालीने दाखवतात. टोपीची पिन हीच हत्यार ठरते, त्यामुळे बाई स्वतःही चौकशीच्या कक्षेत येतात, आणि तपासात राहण्याचे एक सबळ कारण त्यांना मिळते. त्यांना तिथून बाहेर काढणे पायपरला शेवटपर्यंत जमत नाही.

चित्रपटाच्या अखेरीस पायपर त्यांना लग्नाची मागणी घालतो आणि दोघे लग्न करायला निघतात, परंतु पुढच्या चित्रपटात ती गोष्ट कोणी काढतही नाही. मालिकांना असे विस्मरण लागतेच, आणि इथे ते फायद्याचे ठरले आहे.

हा आवडला तर याच जोडीचे आणखी दोन चित्रपट लगोलग पाहावेत. 'मर्डर ऑन द ब्लॅकबोर्ड' (1934) मध्ये खून शाळेच्याच इमारतीत होतो, संगीतशिक्षिकेचा होतो, आणि फळ्यावर लिहिलेली स्वरलिपी हा त्यातला धागा आहे. शिक्षिकेच्या नजरेचा इतका सरळ उपयोग दुसऱ्या कोणत्या चित्रपटात क्वचितच झाला असेल. 'मर्डर ऑन अ हनिमून' (1935) कॅटलिना बेटावर घडतो, समुद्रावर उतरणाऱ्या विमानात मृत्यू होतो, आणि संवादांत विनोदी लेखक रॉबर्ट बेंचली यांचा हात असल्यामुळे तिन्हींत तो अधिक हसवतो. त्यानंतर ऑलिव्हर यांनी कंपनी सोडली. पुढच्या तीन चित्रपटांत ही भूमिका आधी हेलन ब्रॉडरिक (एकदा) आणि मग झासू पिट्स (दोनदा) यांनी केली. पायपर सहाही चित्रपटांत ग्लीसनच आहेत. नवख्याने हे शेवटचे तीन चित्रपट इतक्यात पाहू नयेत. विशेषतः पिट्स यांची गोंधळलेली, हात चोळणारी विदर्सबाई पाहून, मूळ पात्र असेच होते असा ग्रह व्हायचा.

तिसरा टप्पा : टॉर्ची ब्लेन

शिक्षिकेनंतर बातमीदार. वॉर्नर ब्रदर्सने 1937 ते 1939 या तीन वर्षांत टॉर्ची ब्लेन या पात्रावर नऊ चित्रपट काढले. त्यांपैकी सातांत ग्लेंडा फॅरेल आहेत. मधल्या 'टॉर्ची ब्लेन इन पनामा'त लोला लेन आणि शेवटच्या चित्रपटात जेन वायमन आहेत. आरंभ पहिल्याच, म्हणजे 'स्मार्ट ब्लाँड' (1937) या चित्रपटाने करावा. तो जेमतेम तासाभराचा आहे.

त्याचे पहिले दृश्य या साऱ्या प्रकाराची गुरुकिल्ली आहे. धावत्या आगगाडीला समांतर एक टॅक्सी पळते आहे. टॅक्सीतली बाई गाडीच्या शेवटच्या डब्यावर उडी घेते, कपडे नीटनेटके करते, आणि ज्याची मुलाखत हवी आहे त्या माणसासमोर जाऊन उभी राहते. गाडी मुक्कामाला पोहोचल्यावर तोच माणूस गोळी लागून मरतो. खून झाला त्या वेळी टॉर्ची तिथे हजर होती याला योगायोग म्हणता येत नाही, कारण तिने त्यासाठी उडी मारलेली आपण पाहिलेली असते.

या मालिकेमागची एक हकिगत माहीत असली की पाहण्यात भर पडते. फ्रेडरिक नेबेल यांच्या ज्या मासिककथांवरून हे पात्र आले, त्यांत पोलीस अधिकारी मॅकब्राइडचा जोडीदार केनेडी हा दारूत बुडालेला पुरुष पत्रकार आहे. पडद्यासाठी त्याची बाई केली आणि मॅकब्राइडशी तिचे लग्न ठरलेले दाखवले, तेव्हा तीच कथा अगदी निराळ्या रंगाची झाली. फॅरेल यांनी हे पात्र उभे करताना हॉलिवूडला येणाऱ्या खऱ्या स्त्री-पत्रकारांना भेटून, न्यूयॉर्कला त्यांचे काम पाहून अभ्यास केला होता. पडद्यावरची बाई-बातमीदार म्हणजे हसे करून घेणारे सोंग असू नये, अशी त्यांची धडपड होती. तिला सतत भूक लागलेली असते आणि ती कायम स्टेक मागत असते, हा तपशील मला फार आवडतो. दिवसभर वणवण केलेल्या माणसाची ती भूक आहे, आणि त्या काळच्या नायिकेला अशी भूक लागू देणारे चित्रपट थोडेच.

फॅरेल यांचे बोलणे अतिशय वेगवान आहे. इंग्रजी चांगले येणाऱ्यालाही पहिल्या खेपेला निम्मे निसटते. उपशीर्षके असतील तर ती संकोच न करता लावावीत, नसतील तर मधूनमधून थांबवून मागे जावे. काही शब्द आधी ठाऊक असलेले बरे : 'स्कूप' म्हणजे इतरांच्या आधी मिळवलेली बातमी, 'सिटी एडिटर' म्हणजे शहराच्या बातम्यांचा प्रमुख आणि टॉर्चीचा वरिष्ठ, 'डी. ए.' म्हणजे सरकारी वकिलांचा प्रमुख, आणि 'कॉरोनर' म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी.

पुढचा चित्रपट 'द अ‍ॅडव्हेंचरस ब्लाँड' (1937) निवडावा. टॉर्चीचे आणि मॅकब्राइडचे लग्न लागायच्या बेतात असताना प्रतिस्पर्धी पत्रकार तिची फजिती करण्यासाठी एका खोट्या खुनाचा बनाव रचतात आणि तो खून खरा निघतो. त्यानंतर 'ब्लाँड्स अ‍ॅट वर्क' (1938) घ्यावा. टॉर्चीला आतल्या बातम्या द्यायच्या नाहीत अशी मॅकब्राइडला वरून तंबी मिळते, आणि ती त्याच्या गाडीचालकाची, भोळ्या गॅहॅगनची, रोजनिशी गुपचूप वाचून बातम्या छापत राहते. दार बंद झाल्यावर ही माणसे खिडकी कशी शोधतात याचा इतका गमतीदार नमुना दुसरा नाही. 'फ्लाय-अवे बेबी' (1937) मधली विमानसफर डोरोथी किलगॅलन या खऱ्या पत्रकाराने 1936 मध्ये केलेल्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीवरून सुचलेली आहे. चित्रपट मात्र थोडा सैल आहे.

चौथा टप्पा : परिचारिका

इथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. 'मिस पिंकर्टन' (1932) एवढा एक पाहावा. जोन ब्लाँडेल यांची परिचारिका इस्पितळातल्या रोजच्या कामाला विटलेली आहे आणि पोलीस तिला एका श्रीमंत घरात रुग्णाच्या उशाशी कान उघडे ठेवून बसायला पाठवतात. गणवेश घातलेल्या बाईकडे घरातले कोणी लक्ष देत नाही, तिच्यासमोर सगळे बोलतात, आणि मध्यरात्री ती जिन्यावर दिसली तरी कोणी विचारत नाही; परिचारिकेच्या कथांची सगळी ताकद एवढ्यातच आहे. मिन्यॉन एबरहार्ट यांच्या सारा कीट या परिचारिकेवरही 1935 ते 1938 या काळात चित्रपट निघाले, पण नटी वारंवार बदलली आणि पुस्तकातली पोक्त बाई बहुतेकदा तरुण नायिका झाली. त्यांपैकी अ‍ॅलीन मॅकमेहन यांचा 'व्हाइल द पेशंट स्लेप्ट' (1935) सवड असेल तर पाहावा.

पाचवा टप्पा : पॉव्हर्टी रो

आता खऱ्या अर्थाने स्वस्त चित्रपटांकडे वळावे. पहिला 'अ श्रीक इन द नाइट' (1933), अलाइड कंपनीचा. जिंजर रॉजर्स अजून नृत्यासाठी प्रसिद्ध व्हायच्या होत्या त्या वेळचा. त्या इथे पॅट मॉर्गन नावाच्या बातमीदार आहेत आणि एका धनाढ्य माणसाची माहिती काढण्यासाठी त्याच्याकडे सेक्रेटरी म्हणून कामाला लागल्या आहेत. तो माणूस उंचावरून पडून मरतो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, कॅमेरा फारसा हलत नाही, आणि संवादांमध्ये लांब शांतता पडते. मोठ्या स्टुडिओच्या सफाईनंतर हे सारे उघडेबोडके वाटेल, पण तळघरातल्या भट्टीच्या प्रसंगात त्याच उघडेपणामुळे अंगावर काटा येतो.

मोनोग्रॅमचा 'द कॉर्प्स व्हॅनिशेस' (1942) याच्या अगदी उलट टोकाचा आहे. लग्नाच्या वेदीसमोर नवऱ्या मुली कोसळतात आणि त्यांची प्रेते पळवली जातात. खलनायक बेला लुगोसी आहेत हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून माहीत असते, त्यामुळे खुनी ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही. उरते ती फक्त लुआना वॉल्टर्स यांची बातमीदार, जिला प्रत्येक वधूजवळच्या ऑर्किडच्या फुलाचा संशय येतो. कथा अशक्य आहे, शास्त्र हास्यास्पद आहे, तरीही फुलापासून घरापर्यंतचा तिचा माग सरळ आणि स्पष्ट आहे. सुरुवातीला सुचवलेली पाहण्याची रीत अंगवळणी पाडायला हा चित्रपट उत्तम.

मोनोग्रॅमनेच 1944 मध्ये 'डिटेक्टिव्ह किटी ओडे' आणि पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग काढला. दोन्हींत जीन पार्कर आहेत, दिग्दर्शन विल्यम बोडीन यांचे. पहिल्यात किटी सेक्रेटरी आहे आणि तिच्या साहेबाचा खून होतो. दुसऱ्यात ती हॉटेलच्या टेलिफोन-बोर्डावर आहे. दुसऱ्याची कल्पना अधिक चांगली, कारण ज्या नोकरीत सगळ्यांचे बोलणे कानावर पडते पण आपण बोलायचे नसते, त्या नोकरीतल्या मुलीला रहस्यकथेची नायिका करणे ही नामी युक्ती आहे. चित्रपट मात्र त्या युक्तीचा पुरेसा लाभ घेत नाही आणि धावपळीच्या विनोदात रमतो.

सहावा टप्पा : प्रत निवडताना

पॉव्हर्टी रोचे चित्रपट फुकट आणि मुबलक सापडतात. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क 28 वर्षांचा असे आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण करावे लागे. छोट्या कंपन्या तोवर बंद पडलेल्या किंवा विकल्या गेलेल्या असत, त्यामुळे अनेक चित्रपट बेवारस झाले. ज्याला हवी त्याने प्रत काढावी अशी स्थिती असल्याने प्रतीवरून प्रत काढत गेलेल्या, पाचव्या-सहाव्या पिढीच्या धूसर प्रतीच अधिक फिरतात. पुढे दूरचित्रवाणीच्या वेळेत बसवण्यासाठीही कात्री चाललेली असते. म्हणून पाहण्यापूर्वी चित्रपटाची मूळ लांबी शोधून प्रतीच्या लांबीशी ताडावी. उदाहरणार्थ, 'द कॉर्प्स व्हॅनिशेस' सुमारे 64 मिनिटांचा आहे. त्याची 50-55 मिनिटांची प्रत मिळाली तर ती सोडून द्यावी. एकाच चित्रपटाच्या तीन-चार प्रती मिळत असतील तर प्रत्येकीतली मधली दोन मिनिटे ऐकावीत आणि जिचा आवाज स्वच्छ ती निवडावी. चित्र धूसर असले तर चालते, संवाद कळला नाही तर काहीच उरत नाही. विदर्सबाई आणि टॉर्ची यांच्या मालिका मात्र वॉर्नरने अधिकृत डिस्कवर काढलेल्या आहेत, आणि शक्य असेल तर त्याच घ्याव्यात.

सातवा टप्पा : जे खटकेल त्याविषयी

या चित्रपटांत वंशद्वेष उघड आहे, आणि तो चित्रपट स्वस्त म्हणून माफ करण्याजोगा नाही. 'मर्डर ऑन अ हनिमून'मध्ये दिसणारे कृष्णवर्णीय नट विली बेस्ट यांना त्या वर्षांत श्रेयनामावलीत 'स्लीप अँड ईट' अशा अपमानकारक नावाने आणले जाई, आणि भूमिकाही तशाच दिल्या जात. मोनोग्रॅमच्या मिस्टर वाँग मालिकेत मार्जोरी रेनल्ड्स यांची बॉबी लोगन ही तडफदार बातमीदार तीन चित्रपटांत आहे, पण चिनी डिटेक्टिव्हच्या वेशात बोरिस कार्लोफ यांना पाहणे अनेकांना जड जाईल. असे प्रसंग येणार हे जाणून बसावे. विशेषतः मुलांना बरोबर घेणार असाल तर आधी स्वतः पाहून घ्यावे. मुलांसाठी म्हणून बॉनिटा ग्रॅनव्हिल यांचे 1938-39 मधले नॅन्सी ड्रू या किशोरवयीन हौशी डिटेक्टिव्हचे चार चित्रपट सुचवले जातात. ते चपळ आणि हसरे आहेत, तथापि त्यांपैकी 'ट्रबल शूटर'मध्येही विली बेस्ट यांच्या वाट्याला तेच आले आहे. 'रिपोर्टर' हा त्यातल्या त्यात निर्धोक.

दुसरी खटकणारी गोष्ट शेवटांची. बहुतेक चित्रपटांत अखेरच्या क्षणी बाई संकटात सापडते, पोलीस किंवा प्रियकर धावत येतो, आणि तिने लावलेल्या शोधाचे श्रेय दोघांत वाटले जाते. त्यातच लग्नाची मागणीही उरकली जाते. असा शेवट प्रेक्षकाच्या आणि 1934 च्या मध्यापासून कडक झालेल्या चित्रपट-संहितेच्या (पडद्यावर काय दाखवावे याविषयीच्या हॉलिवूडच्या नियमावलीच्या) अपेक्षेला धरून असे. त्यावरून सबंध चित्रपटाचे मोल ठरवू नये. एक वही जवळ ठेवून प्रत्येक चित्रपटापुढे एवढेच लिहावे : निर्णायक धागा कोणाच्या हाती आधी लागला, आणि तो तिच्या कोणत्या सवयीमुळे लागला. पाच-सहा चित्रपटांनंतर ती पाने चाळली तर विदर्सबाईंच्या तीन चित्रपटांत आणि टॉर्चीच्या पहिल्या काहींत उत्तर जवळपास नेहमी बाईकडेच जाते, तर किटी ओडेसारख्या चित्रपटांत ते पुष्कळदा योगायोगाकडे जाते, हे दिसून येईल.

इतके पाहून झाल्यावर मग झासू पिट्स यांच्या विदर्सबाई आणि लोला लेन यांची टॉर्ची पाहायला हरकत नाही. पात्र तेच असूनही नटी बदलल्यावर शोधाची धार कशी बोथट होते ते त्या वेळी लगेच जाणवते. सुपरमॅनचे एक जनक जेरी सीगेल यांनी सुपरमॅनच्या कथांतली बातमीदार लोइस लेन हे पात्र टॉर्चीवरून सुचल्याचे आणि तिचे आडनाव लोला लेन यांच्यावरून घेतल्याचे सांगितले आहे, त्यामुळे पनामाचा चित्रपट कथेच्या दृष्टीने बेताचा असला तरी त्या एका कारणासाठी यादीत ठेवावा, मात्र फॅरेल यांचे किमान तीन चित्रपट पाहून झाल्यावरच.